कळंक चढलेले काडतूस : वाचन, नोंद आणि सावधगिरी

प्रास्ताविक

स्थानिक इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बखर, ताम्रपट, शिलालेख किंवा जुने दप्तर येते. या घटकात आपण एका अगदी लहान आणि काहीशा अडचणीच्या साधनाचा विचार करणार आहोत. ते म्हणजे जुन्या रायफलीचे कळंक चढलेले काडतूस. जळगाव-धुळे भागात अशी वस्तू कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या माळ्यावर, तर कधी भंगारवाल्याच्या पोत्यात आढळते. ती हाती आली की माणसाच्या मनात बहुधा दोनच विचार येतात. घासून लखलखीत करावी, किंवा गुपचूप फेकून द्यावी. हे दोन्ही विचार चुकीचे का आहेत आणि तिसरा मार्ग कोणता, हे समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

आपण भाषेचे विद्यार्थी असल्याने आरंभ शब्दांपासून करू. ‘काडतूस’ हा शब्द ‘पिस्तूल’प्रमाणेच पोर्तुगिजांकडून मराठीत आला. ‘दारू’ फारसीतून आली. तेथे तिचा एक अर्थ औषध असा आहे. लोखंडावर चढतो तो गंज किंवा जंग. तांब्या-पितळेवर चढतो तो कळंक. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. काडतुसाच्या बाबतीत हा भेद उपयोगी आहे. काडतुसाची पुंगळी पितळेची असते, म्हणून तिचा रोग गंजाचा नसून कळंकाचा आहे, आणि त्याची कारणेही वेगळी आहेत.

पुंगळी हा काडतुसाचा एक भाग. तिच्या तोंडाशी बसवलेली ती गोळी, पोटात भरलेली ती दारू, आणि बुडाच्या मध्यभागी बसवलेली छोटी वाटी म्हणजे टोपी. चाप ओढला की बंदुकीतील टोकदार खिळा टोपीवर आदळतो, टोपीतील स्फोटक पेटते, त्याची ज्वाला दारूला लागते आणि गोळी सुटते. या चार भागांची नावे लक्षात ठेवावीत. पुढील सर्व विवेचन त्यांच्यावर उभे आहे.

खानदेशात काडतुसे येतात कोठून?

इ. स. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. पुढे १८५७-५८ मध्ये काजरसिंग (खाज्या) नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली. एप्रिल १८५८ मधील अंबापाणीची लढाई त्यातील सर्वांत मोठी. या लढाईची म्हणून पितळी काडतुसे कोणी दाखवली, तर अभ्यासकाने तेथेच थांबावे. त्या काळची काडतुसे कागदाची होती. १८५७ च्या उठावाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ती चरबी लावलेली एनफिल्डची काडतुसेही कागदीच. पितळी पत्र्याचे काडतूस ब्रिटिश सैन्यात स्नायडर रायफलीबरोबर १८६६-६७ च्या सुमारास आले. अंबापाणीच्या रणभूमीवर सापडेल ती शिशाची गोळी असेल. कागद तर केव्हाच मातीत गेला.

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने .३०३ इंच मापाची रायफल स्वीकारली आणि लवकरच तिच्या काडतुसात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही धूर कमी करणारी दारू आली. आपल्या पोलिसांच्या बोलीत हिचे नाव ‘थ्री नॉट थ्री’. सैन्यातून ती गेली, तरी पोलीस दलात ती अनेक दशके टिकली. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही कित्येक पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. त्यामुळे आपल्या भागात आढळणाऱ्या जुन्या काडतुसांत .३०३ चे प्रमाण मोठे असणे स्वाभाविक आहे. याशिवाय पहारेकऱ्यांसाठी इशापूरच्या कारखान्यात जुन्या रायफली बदलून केलेली .४१० मापाची ‘मस्कट’ होती. तिचे काडतूस .३०३ च्याच घडणीवरून केलेले असे, परंतु त्याला.३०३ सारखी अरुंद मान नसते.

आणि मग स्वातंत्र्योत्तर काळ. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९ चा. दारूगोळ्याचे डबे, पेट्या व वेष्टने यांसाठी तो प्रसिद्ध. त्याच तालुक्यात वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना उभा राहिला. आज तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे, ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची काडतुसे तेथे तयार होतात. जळगाव जिल्ह्यातील कितीतरी घरांचा संसार या दोन कारखान्यांच्या पगारावर झाला आहे. म्हणून येथे काडतूस ही केवळ युद्धाची वस्तू नव्हे, ती कामगारांच्या हातची वस्तूही आहे. प्रस्तुत लेखकाला ही बाजू अधिक महत्त्वाची वाटते, आणि स्थानिक इतिहासात तिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

बुडावरचा मजकूर

काडतूस उलटे करून त्याचे बूड पाहिले की टोपीभोवती ठसवलेली अक्षरे आणि अंक दिसतात. हा एक चिमुकला शिलालेखच समजावा. पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्याची स्थापना १८६९ ची. त्याच्या .३०३ काडतुसांवर इंग्रजी ‘के’ व ‘एफ’ ही अक्षरे आणि ब्रिटिश काळात त्यांच्यामध्ये सरकारी मालकीचा बाण असे. वरणगावच्या मालावर ‘ओ’, ‘एफ’, ‘व्ही’ ही अक्षरे येतात. सालाचे शेवटचे दोन अंक बहुधा दिलेले असतात. रोमन अंकातील सात म्हणजे काडतुसाची सातवी सुधारित आवृत्ती. ती १९१० मध्ये आली आणि दोन्ही महायुद्धांत वापरली गेली. त्या अंकापुढे ‘झेड’ हे अक्षर असेल, तर आतील दारू कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोज आहे असे समजावे.

या वाचनाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९४४ च्या एप्रिल महिन्यात तत्कालीन पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात, चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाख रुपयांची ही लूट साताऱ्याचे प्रतिसरकार आणि खानदेशातील भूमिगत कार्यकर्ते यांच्या सहकार्यातून झाली होती. समजा, शिंदखेडा तालुक्यातील एका घरात एक कळकट काडतूस जपून ठेवले आहे आणि ‘हे चिमठाण्याचे’ अशी घरची आठवण आहे. बुडावर ४२ हा आकडा दिसला, तर आठवण शक्य आहे एवढेच म्हणता येईल. सिद्ध झाली असे नाही. पण आकडा ५२ असेल, तर ते काडतूस चिमठाण्याचे असूच शकत नाही. येथे घरच्या माणसांना खोटे ठरवण्याची घाई करू नये. कदाचित मूळ काडतूस हरवले आणि आठवण दुसऱ्या काडतुसाला चिकटली. कदाचित कुटुंबातील कोणी पुढे पोलिसात गेले असेल. आठवण हाही पुरावाच आहे. फक्त तो वेगळ्या गोष्टीचा पुरावा आहे.

आता विचार करा. हेच काडतूस कोणी चिंच लावून, रांगोळीने खसखसून घासले आणि वर तारेचा ब्रश फिरवला. कळंक गेला, त्याबरोबर अर्धवट झिजलेले अंकही गेले. ४२ की ५२, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. देव्हाऱ्यातील समई घासण्याची आपली सवय चांगली आहे, पण ती सवय येथे आणू नये.

पावसाळी भेगा

पितळी पुंगळी का फाटते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्करी कोठारांत एक विचित्र प्रकार दिसू लागला. न वापरलेल्या नव्या काडतुसांच्या मानेला आपोआप उभ्या भेगा पडत. हे विशेषतः पावसाळ्यात घडे, म्हणून इंग्रजीत या दोषाला ‘ऋतूच्या भेगा’ अशा अर्थाचे नाव पडले, आणि धातुशास्त्रात ते आजही रूढ आहे. काडतुसे पुष्कळदा घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी याचा उलगडा केला. खरा दोषी पाऊस नव्हता. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया वायू, हवेतील ओलावा आणि पितळेतील ताण या तिघांचा तो संयोग होता.

ताण कोठून आला? पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती दाबून, ओढून लांब नळी करतात, मग तोंड आवळून मान घडवतात. या ओढाताणीत धातूच्या कणांमध्ये ताण साठून राहतो, जसा पिळून वाळवलेल्या दोरीत पीळ राहतो. अमोनिया तांब्याला विरघळवतो, आणि तो नेमका कणांच्या सांध्यांतून आत शिरतो. सांधा कमकुवत झाला की साठलेला ताण धातूला फाडतो. उपायही सोपा निघाला: पुंगळी बेताच्या आचेवर तापवून तो ताण घालवणे. .३०३ च्या कित्येक पुंगळ्यांच्या मानेवर अशा तापवण्याचा निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. तो डाग समजून घासू नये.

पागा गेल्या, पण गोठे आहेत. शेतकऱ्याच्या घरातील माळा पुष्कळदा गोठ्याला लागून असतो, आणि तेथेच युरियाची पोतीही रचलेली असतात. ओलाव्यात युरियापासूनही अमोनिया सुटतो. त्यात जळगावचा उन्हाळा, ज्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लगेच मागून येणारा मृगाचा दमटपणा. जुन्या काडतुसाला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. शेतात पुरलेले असेल, तर काळ्या जमिनीचा ओलावा महिनोन्महिने हटत नाही. पितळेतील जस्त निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. असे गुलाबी ठिपके दिसले, तर पुंगळी वरून धड वाटली तरी बोटाच्या दाबाने चुरडू शकते.

हानी बाहेरूनच होते असेही नाही. कॉर्डाइट ही शेवयांच्या जुडीसारखी दिसणारी दारू. ती आणि नायट्रोसेल्युलोजची दारू वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होत राहतात, उष्णतेने अधिक वेगाने. त्यांतून निघणारे आम्ल वायू पुंगळीला आतून खातात. बाहेर हिरवी पुटकुळी दिसते, पण तिचे मूळ पोटात असते.

‘मेलेले’ काडतूस मरत नाही

संग्राहकांमध्ये एक समज खोल रुजला आहे. इतके कळंकलेले काडतूस आता काय उडणार? हा समज धोकादायक आहे. दारू भिजली, सडली, तरी टोपी स्वतंत्रपणे बंद केलेली असते. तिच्यातील स्फोटक आघाताने आणि घर्षणाने पेटावे म्हणूनच बनवलेले आहे. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे संयुग असे. ओल्यात ते कधी निकामी होते, कधी होत नाही, आणि कोणते झाले हे डोळ्यांनी कळत नाही. बंदुकीच्या नळीबाहेर काडतूस फुटले, तर गोळी फार दूर जात नाही हे खरे. पण पुंगळीचे तुकडे उडतात, आणि डोळा किंवा बोटे जाण्यास तेवढे पुरे.

म्हणून भरलेल्या काडतुसावर कोणताही घरगुती प्रयोग करू नये. घासू नये, तापवू नये, उन्हात वाळत घालू नये, भोक पाडू नये, पकडीने गोळी उपसू नये. रॉकेलमध्ये किंवा तेलात बुडवून ठेवले की ते निर्धोक होते, हाही गैरसमजच. खिशात घालून पोलीस ठाण्यात नेणेही टाळावे. ते आहे तेथेच राहू द्यावे, मुलांना व जनावरांना दूर ठेवावे, आणि ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. बॉम्बशोधक व नाशक पथक त्यासाठीच असते. भंगाराच्या व्यवसायातील लोकांना हे सांगणे विशेष गरजेचे आहे, कारण पितळ म्हटले की पहिला हात हातोड्याकडे जातो.

कायदा काय म्हणतो?

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. या अधिनियमानुसार बंदुकीप्रमाणेच दारूगोळ्यालाही परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे घटक भागही येतात. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगल्यास कलम २५ नुसार शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी झाली. काडतूस ऐंशी वर्षांचे आहे, आजोबांचे आहे, याने ते आपोआप कायद्याबाहेर जात नाही.

तरीही कायदा आंधळा नाही. ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. माळ्यावर काय आहे हे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याची स्थिती वेगळी. पण यातूनच दुसरी बाजूही निघते: एकदा पाहिले, ओळखले आणि तरी ठेवून दिले, की अजाणतेपणाचा आधार संपला. कलम ४५ मध्ये, वापरता न येणारी जुन्या घडणीची शस्त्रे आणि इतर भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसलेले दारूगोळ्याचे किरकोळ भाग यांना काही सूट आहे. उडवून झालेली रिकामी पुंगळी या सुटीत बसू शकते, भरलेले काडतूस नव्हे. संग्रह करू इच्छिणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे. वस्तू जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा भाग असेल, तर १८७८ चा निखात निधी अधिनियमही लागू होऊ शकतो. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

नोंद कशी लिहावी?

पोलिसांनी काडतूस नेले की ते बहुधा नष्ट केले जाते. यामुळे संग्राहकाला हळहळ वाटते आणि तो लपवालपवी करतो. परंतु अभ्यासकाला जे हवे ते धातूत थोडे आणि नोंदीत अधिक असते. हात न लावता, सुरक्षित अंतरावरून मोबाइलने काढलेली छायाचित्रे आणि त्याच दिवशी लिहिलेली नोंद, एवढ्याने इतिहासाचा बहुतेक अंश वाचतो. नोंदीचा एक काल्पनिक नमुना पाहा:

‘स्थळ : धरणगाव तालुका, शेताचा गट क्रमांक व गाव स्वतंत्र लिहिले आहे. प्रसंग : विहिरीचा गाळ काढताना, सुमारे बारा फुटांवर. वस्तू : एक काडतूस, गोळीसह, मानेला उभी भेग, बुडाकडे हिरवा कळंक. बुडावर ‘के’ अक्षर स्पष्ट, दुसरे अक्षर अस्पष्ट, शेवटचा अंक ३ किंवा ८. पाहिलेले : वरील सर्व. ऐकलेले : विहीर आजोबांच्या वेळची, पूर्वी शेजारी पोलिसांची चौकी होती असे मालकिणीचे म्हणणे. कार्यवाही : त्याच दुपारी पोलिसांना कळवले, पंचनाम्याची प्रत जोडली आहे.’

या नोंदीत ‘३ किंवा ८’ असे लिहिले आहे, हे लक्षात घ्या. जे स्पष्ट दिसले नाही ते अंदाजाने पूर्ण केलेले नाही. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवले आहे. शिलालेखाचा ठसा घेणारा अभ्यासक हेच करतो. १९२६ मध्ये धुळ्यात निधन पावलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दप्तरे गोळा करत गावोगाव जी पायपीट केली, तिच्यामागेही हीच शिस्त होती. त्यांच्या नावाचे धुळ्यातील संशोधन मंडळ अशा स्थानिक साधनांच्या अभ्यासकाने एकदा तरी पाहावे.

रिकामी पुंगळी किंवा सुटी शिशाची गोळी ठेवण्यास अडचण नसेल, तर जतनाचे काम थोडक्यात सांगता येईल. ती उडवलेली आहे याची खात्री जाणत्या माणसाकडून, टोपीवरील खिळ्याची खूण आणि आतली पोकळी पाहून, आधी करून घ्यावी. हातमोजे घालावेत, घामातील मीठ पितळेवर बोटांचे ठसे कोरते, आणि शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते. सैल माती मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी, कळंक तसाच ठेवावा. वर्तमानपत्राचा कागद, प्लायवुडचे कपाट आणि रबरी पट्ट्या टाळाव्यात. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिसे झिजते. घट्ट झाकणाच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून, पावसाळ्याच्या तोंडी त्या पुड्या बदलाव्यात. हिरवा थर भुकटीसारखा होऊन पुन्हापुन्हा येत असेल, तर धातूत क्षार उरले आहेत असे समजून वस्तुसंग्रहालयातील जतनतज्ज्ञाला दाखवावे.

स्वयंअध्ययनासाठी

आपल्या घरातील किंवा गावातील कोणतीही एक जुनी धातूची निर्धोक वस्तू घ्या : माप, घंटा, कुलूप, कारखान्यातील कामगाराचा बिल्ला. तिच्यावरील अक्षरे जशी दिसतात तशी उतरवा, अस्पष्ट अक्षरांच्या जागी टिंब द्या, आणि ‘पाहिलेले’ व ‘ऐकलेले’ असे दोन भाग करून सुमारे १५० शब्दांची नोंद लिहा. मगच घरातील ज्येष्ठांना ती वाचून दाखवा, आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या मूळ मजकूर न खोडता, तारखेसह खाली जोडा.